बालविभागातलं वायफाय

४ फेब्रुवारी

दादा,

सार्वजनिक वाचनालयाच्या बिनतारी इंटरनेटविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती दाखल करून घ्यायला दुसरं कुणी तयार नसल्यामुळे तुझ्याकडे पाठवते आहे.

तक्रार अशी. 'वायफाय संपूर्ण इमारतीत उपलब्ध' अशी पाटी दारावर आहे. पाटी खोटं बोलत नाही, थोडं वाढवून सांगते इतकंच. संदर्भ विभागात वायफायची एक काडी दिसते. वर्तमानपत्रांच्या मेजांपाशी तीही लाजते. पूर्ण ताकदीने ते येतं फक्त बालविभागात, आणि तिथल्या खुर्च्या बनवल्या आहेत सात वर्षांच्या वाचकासाठी. काही लाल, काही पिवळ्या, एक बदकाच्या आकाराची. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांशी फारसं पटत नसलेली मी, हनुवटीला गुडघे टेकवून पिवळ्या खुर्चीवर बसते. पुढ्यातल्या ठेंगण्या टेबलावर कुणीतरी खडूने हत्ती काढला आहे, त्याच्या पाठीवर माझा लॅपटॉप. शासनाने, समाजाने आणि बदकाने ह्याची नोंद घ्यावी.

ही वेळ का आली ते तुला ठाऊक आहे, पण कागदावर असलेलं बरं. तुझ्या घरातल्या मागच्या खोलीत माझा वर्ग चालायचा, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी चार वाजता, तुझ्या वायफायवर. बहिऱ्या मुलांच्या आईबापांना खुणांची भाषा शिकवायची. मी जन्मापासून ठार बहिरी, म्हणजे शिक्षिकेची पात्रता आपोआप पूर्ण झालेली. तोवर तुझी हरकत नव्हती, कारण मुलं परक्यांची होती. मग तुझी नात बहिरी निघाली. मी चिमणीशी हातांनी बोलायला लागले, ती हातांनी उत्तरं द्यायला लागली, आणि तू मध्ये आलास. म्हणालास, "कानाचं यंत्र बसवलंय तिला, ती बोलेल. हात दाखवलेस तर आळशी होईल." मी हात दाखवत राहिले. पुढच्या मंगळवारी चार वाजता वायफायचा पासवर्ड बदललेला होता. मी विचारायला आले तर तू घड्याळाकडे बघून ओठ हलवलेस, "नंतर सांगतो."

तुझ्या 'नंतर'ची वाट बघण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. म्हणून बॅग भरली. आता शिंप्याच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. तिला खिडकी आहे, पंखा आहे, शिवणयंत्राची जमिनीतून येणारी थरथर आहे. इंटरनेट नाही. म्हणून वाचनालय. काउंटरवर आपलं कार्ड ठेवायचं, बदल्यात दोन तासांच्या कोडाची चिठ्ठी मिळते. लॅपटॉप आपला, वायर आपली, अक्कलही आपलीच, कारण भिंतीवर स्पष्ट लिहिलं आहे: 'कर्मचारी आपल्या यंत्रास हात लावणार नाहीत.'

पत्र लिहिते आहे कारण फोनवर तुझ्या दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काही येत नाही. कागदाला निळ्या खुणा उमटत नाहीत. वाचून न वाचल्यासारखं करायची पूर्ण सोय आहे, घे तिचा लाभ.

मला तुझा पासवर्ड नको. चिमणीशी बोलायचं आहे. तेवढंच.

तुझी बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही. पोस्ट हळू चालतं असं धरून मी पुढे लिहिते.

इकडे माझी बदनामी झाली आहे. शुक्रवारचा वर्ग रंगात आला होता. पडद्यावर सहा कुटुंबं, विषय गुरंढोरं. मी दोन्ही अंगठे कपाळाशी लावून शिंगं दाखवते आहे, समोर सहा घरांत पटापट शिंगं उगवताहेत. एवढ्यात बालविभागातली पोरं पुस्तकं सोडून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, शिंगांमुळे. मग मोठी माणसं संदर्भ विभागातून उठून दारात आली. तरी मला वाटलं, शिंगांमुळेच. स्वतःच्या कलेबद्दल माणसाचा किती गैरसमज असू शकतो!

तेवढ्यात काउंटरवरची बाई धावत आली. तिचं नाव 'कानावर पेन'. आमच्यात कागदावरचं नाव चालत नाही. माणसाचं काहीतरी धरून बहिऱ्यांनी त्याला खुणेचं नाव द्यायचं, आणि त्याने ते मुकाट घ्यायचं. तक्रारीला जागा नाही. तुझं नाव आहे 'घड्याळ'. मनगटावर दोनदा बोट. लहानपणीच दिलं होतं, तू कधी विचारलं नाहीस.

तर कानावर पेनने कागद धरला: "तुमच्या लॅपटॉपचा आवाज!! पूर्ण!!"

मी लिहिलं, "कसला आवाज?"

तिने कपाळावर हात मारला. ती खूण सगळ्यांना येते.

झालं होतं असं. लॅपटॉप मी जुना घेतलेला. आधीच्या मालकाने आवाज पार टोकाला नेऊन ठेवला होता, आणि तो खाली आणावा असं मला कधी वाटायचं कारणच नव्हतं. तुझ्या मागच्या खोलीत दार लावलेलं असायचं. मी स्वतः तोंड मिटून शिकवते. पण माझे विद्यार्थी ऐकणारे. बाई बहिरी आहेत म्हटल्यावर ते बिनधास्त बोलत असतात, आणि ते सगळं गेले दोन आठवडे वाचनालयभर घुमत होतं. कानावर पेन सरळ स्वभावाची. मी विनवणी केल्यावर तिने ऐकलेलं जसंच्या तसं लिहून दिलं:

"अहो, दूध उतू जातंय, गॅस बंद करा!"

"मी शिंगं करतोय."

"एका हाताने शिंग करा, दुसऱ्याने गॅस!"

आणि दुसऱ्या घरातून: "ही गाय होय? मला वाटलं तुमच्या आत्याबाई रागावल्यात."

ह्यातलं एकही वाक्य असभ्य नाही, पण वाचनालयात शोभेल असंही एक नाही. लेखी तक्रार आलीच. ती केली 'केसात पिन' ह्यांनी. साठीच्या आहेत, रोज येतात, विटेएवढ्या जाड कादंबऱ्या वाचतात आणि पान राहिलं तिथे केसातली पिन काढून खोचतात. त्यांनी लिहिलं: 'बालविभागात गोठा भरवण्यात येतो. वाचकांनी काय करावे?' वाक्य झकास आहे. मीच लिहिलं असतं.

लॅपटॉपचा आवाज मी तिथल्या तिथे बंद केला. पण नियम आडवा आला: 'स्वतःच्या यंत्रावर चलच्चित्र पाहणाऱ्यांनी हेडफोन लावणे बंधनकारक.' मी लिहून विचारलं, "मला?" कानावर पेनने खांदे उडवले आणि लिहिलं, "नियमात कान कसे असावेत ते दिलेलं नाही."

त्यामुळे सध्या तुझी बहिरी बहीण पिवळ्या खुर्चीवर भलेमोठे हेडफोन चढवून बसते. फायदाही आहे. आता मी उत्तर दिलं नाही तर लोकांना वाटतं, बाई गाण्यात रमल्यात. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी बिचारी म्हणत नाही, आगाऊ म्हणतात. मला ही बढती वाटते.

तुझी बहीण


२ मार्च

दादा,

पोस्टकार्ड मिळालं. अक्षर अजून सुंदर आहे. मजकूर इथे उतरवते, म्हणजे नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' व्हायला नको: 'झाली तेवढी शोभा पुरे. चारचौघांत हातवारे करतेस त्यात मान खाली जाते ती तुझी एकटीची नाही. घरी ये. मागची खोली तुझीच आहे. पासवर्डही देतो. फक्त चिमणीसमोर हात खाली ठेवायचे.'

हात खाली. हे बाबांचे शब्द. तू ते किती जपून ठेवले होतेस!

बाबा माझ्यासमोर कागदाची पट्टी धरायचे. 'प' म्हणायचं. पट्टी उडाली तर प बरोबर. हात उचलला तर फुटपट्टी. तू शेजारी अभ्यास करत असायचास, तुला सगळं ठाऊक आहे. माझं सगळं लहानपण त्या पट्टीवर फुंकर घालण्यात गेलं, आणि त्याचं फळ म्हणून मला 'पोपट' हा शब्द अगदी स्पष्ट म्हणता येतो. लोक कौतुक करतात. फक्त एवढ्या वर्षांत कुणाकडे पोपट मागायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.

आणि जेवणाची पानं आठव. सगळे एकदम हसायचे. मी तुझी बाही ओढायची, काय झालं? तू म्हणायचास, "नंतर सांगतो." तुझ्या मनात खोट नव्हती, हेही लिहून ठेवते. घास तोंडात असायचा, विनोद लांबलचक असायचा, आणि पुढचा सुरू झालेला असायचा. पण त्या जेवणांतले माझ्या वाट्याचे विनोद अजून तुझ्याकडेच पडून आहेत.

आता चिमणी त्याच टेबलाशी बसते.

यंत्राला माझा विरोध नाही. बसवलंत ते चांगलं केलंत. तिला आवाज मिळू दे, शब्द मिळू देत, पोपट मिळू दे. पण यंत्र आंघोळीला काढतात, झोपताना काढतात, त्याची बॅटरी संपते. हात काढून ठेवता येत नाहीत. ती नीट बोलायला लागेपर्यंत वर्षं जातील. तोवर तिने भूक, भीती आणि राग कशात ठेवायचे? तुला ती आळशी होईल अशी धास्ती आहे. मला ती शहाणी होईल अशी धास्ती आहे, माझ्यासारखी. गप्प बसून सगळ्यांची तोंडं वाचणारी, आणि कुणी हसलं की न कळता हसणारी.

तेव्हा उत्तर असं: नाही येत. तुझी खोली मोठी आहे, खुर्चीला पाठ आहे, वायफायच्या काड्या भरलेल्या आहेत. पण हात खाली ठेवून मिळणारं इंटरनेट मला नको. त्यापेक्षा बदक बरं.

वर्ग उत्तम चालला आहे. महिन्याभरापूर्वी एक नवीन विद्यार्थी आला, पडद्यावर नुसतं 'पालक' लिहिलेलं. तो कॅमेरा बंद ठेवतो. खुणांच्या वर्गात कॅमेरा बंद म्हणजे गाण्याच्या शिकवणीला तोंड शिवून बसण्यासारखं. दोनदा दम दिला, उपयोग नाही. पण तास एकही चुकवत नाही.

तुझी बहीण


१४ मार्च

दादा,

हे पत्र बसून वाच. आणि सूनबाईवर ओरडण्याआधी शेवटपर्यंत वाच. तिनेच मला लिहायला सांगितलं आहे. म्हणाली, "तुम्ही लिहा आत्या. मी तोंडाने सांगितलं तर ते घड्याळ बघतील."

'पालक' म्हणजे तुझी सून.

काल वर्ग संपला, बाकीचे गेले, 'पालक'चा काळा चौकोन तसाच राहिला. मी हात जोडले, निघा आता. आणि कॅमेरा उघडला. मागे तुझ्या जेवणाच्या खोलीचा पडदा. सूनबाईने सावकाश, एकही चूक न करता खुणा केल्या: "आत्या, मी आहे. सासरे ह्या वेळी बाहेर असतात." मी तिचे हात बघत राहिले. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी इतके दिवस अंधारात बसली होती, आणि मी तिला दम देत होते.

मग तिने चिमणीला मांडीवर घेतलं.

चिमणीने पडद्याकडे पाहिलं. लगेच ओळखलं असं मी म्हणणार नाही, कारण डोक्यावर ते हेडफोन होते. मी ते काढले. तिने बोट नाकावर ठेवलं आणि नसलेला चष्मा वर सरकवला. ते माझं नाव. माझा चष्मा सारखा घसरतो, म्हणून तिनेच दिलेलं. मी हात उचलले, आणि पडदा पांढरा झाला. 'आपली वेळ संपली आहे. पुन्हा अवश्य भेट द्या.'

दोन तास. वर्गाच्या आधी पालकांना सरावाचे व्हिडिओ पाठवण्यात मी त्यातला अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवला होता.

मी काउंटरकडे पळाले. बालविभागात पळायचं नाही असा नियम आहे, तो मुलांसाठी आहे. कानावर पेनने मान हलवून लिहिलं, "एका कार्डावर दिवसाला एकच चिठ्ठी. यंत्रच देत नाही हो, मी काय करू?" मी लिहिलं, "माझी नात आहे." अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की तिला दोनदा वाचावं लागलं. तिने स्वतःचं कार्ड लावून बघितलं. कर्मचाऱ्यांना चालत नाही.

मागे केसात पिन उभ्या होत्या. हातात कादंबरीचा पहिला भाग, परत करून दुसरा घ्यायला आलेल्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून चिठ्ठी वाचली, हे काही सभ्यपणाचं नाही. मग स्वतःचं कार्ड काउंटरवर ठेवलं. कानावर पेनने त्यांना काहीतरी समजावलं. मला ओठांवरून अर्धं कळलं: ज्या दिवशी कार्डावर इंटरनेट जातं त्या दिवशी पुस्तक मिळत नाही, आणि पुढे सुट्टी आहे. केसात पिन जे म्हणाल्या ते मी नंतर लिहून मागितलं:

"अगं, नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे. राहू दे आणखी दोन दिवस, कुठे जात नाही ती. हिला चिठ्ठी दे."

आणि माझ्याकडे वळून, तोंड मोठं करून, मला सहज वाचता यावं असं: "ते हेडफोन नका घालू. मला हसू आवरत नाही."

मी परत येऊन कोड घातला. सूनबाई तिथेच होती. आम्ही तिघी बोललो. काय बोललो ते सांगणार नाही, ते आमचं आहे.

मग दारातून निळ्या चौकटींचा शर्ट आला. नुसता शर्ट, कारण तुझं डोकं कॅमेऱ्याच्या वर राहिलं होतं. तू लवकर परतला होतास. सूनबाईचा हात लॅपटॉपच्या झाकणाकडे गेला. माझ्या पडद्यावर तुझी खोली अर्धी खाली कलली. आणि पुन्हा वर आली. तिने झाकण परत उघडलं, दादा. माझ्या ओळखीत ह्याहून मोठं धाडस कुणी केलेलं नाही.

तुझे ओठ चौकटीबाहेर होते. सूनबाईचे मिटलेले मी स्वतः पाहिले. खोलीत अंधारून आलं होतं. चिमणी तुझ्याकडे वळली, मूठ डोक्यावर नेली आणि बोटं उघडली. तू उभा. तिने पुन्हा केलं. तू तसाच. तिसऱ्यांदा तिने केलं तेव्हा चौकटीच्या कडेने तुझा हात भिंतीकडे जाताना दिसला.

दिवा लागला.

ती काय म्हणाली हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. तिने मागितलं आणि तुला समजलं. हीच ती गोष्ट, जिच्यासाठी मी बॅग भरली. ह्याला मी माफी समजत नाही, आणि तूही समजू नकोस. पण ह्यानंतर 'हात खाली' हे शब्द तू माझ्यासमोर वापरायचे नाहीत. वापरलेस तर मी तुझ्या भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवीन.

तुझी बहीण


२६ मार्च

दादा,

सूनबाईच्या बातम्या येतात. आता ती कॅमेरा उघडा ठेवून बसते, दिवाणखान्यात, चार वाजता, तू घरात असताना. तू पेपर तोंडासमोर धरून तिथेच बसतोस आणि बराच वेळ पान उलटत नाहीस, असंही कळलं.

हेही कळलं की चिमणी संध्याकाळभर तुझ्याकडून दिवा लावून घेते, विझवून घेते, पुन्हा लावून घेते, आणि तू सूनबाईला विचारलंस, "ह्या पोरीला 'पुरे' कसं सांगायचं?"

वा! पहिला शब्द हवा तर 'पुरे'! आपल्या घराण्याला शोभेलसाच निवडलास. ती खूण मी पोस्टाने पाठवणार नाही, आणि सूनबाईलाही बजावलं आहे, शिकवायची नाही. हवी असेल तर मंगळवारी चार वाजता वर्गात ये. कॅमेरा चालू, आवाज बंद. नियम सगळ्यांना सारखे, वडीलमाणसांना वेगळी रांग नाही. आधी गाय करावी लागेल. दोन्ही हातांनी. तुझ्या कपाळाला शिंगं उगवलेली बघायला मी कितीही वेळ थांबेन.

मागच्या खोलीत मी परतणार नाही. शिंप्याची थरथर आता अंगवळणी पडली आहे. रविवारी मात्र चिमणीकडे येते आहे, अकरा वाजता. परवानगी मागत नाही, वेळ कळवते आहे. हात खिशात नसतील. तुला बघवत नसेल तर पेपर आहेच.

वाचनालयाच्या पायरीवर बसून लिहिते आहे, ह्या पत्राची घडी घालून निघते. आज वर्ग नाही, आणि इंटरनेटही नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिता आलं. सुट्टीनंतर वाचनालय उघडलं तेव्हा कादंबरीचा दुसरा भाग भलत्याच कुणीतरी नेलेला होता. केसात पिन त्या दिवसापासून जुनी मासिकं चाळत बसतात आणि मला एका शब्दाने बोलत नाहीत. आज सकाळी दार उघडायच्या आधी मी येऊन उभी राहिले. भाग परत आला होता. माझ्या कार्डावर घेतला. कानावर पेनने आठवण करून दिली, "मग आज चिठ्ठी नाही मिळणार हं." मी मान डोलावली. व्हिडिओ उद्या जातील.

केसात पिन नळावर पाणी प्यायला गेल्या होत्या. पुस्तक त्यांच्या मासिकावर ठेवलं, आणि त्या वळायच्या आत बाहेर आले.

तुझी बहीण